त्या ताटात आग्रह नव्हता

दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी पायांची प्लास्टरं कापायचे,
श्रुतिका बिराजदारनं माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला,
मागून पट्टा आवळला
आणि म्हणाली, "काका, घाबरू नका.
जेवायला बसलाय तुम्ही."

बसलो.
समोर ताट, ताटाभोवती वाट्या.
चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस मी,
धागा तुटला की डोळ्याआधी बोटाला कळायचं.
तेच बोट आता हवेतली जिलेबी उचलत होतं
आणि दाराशी बसलेला कय्यूम हसत होता,
"मल्लेशम, काय पकडालास बे? माश्या?"

जिलेबी उचलली की कोपऱ्यात आकडा चढायचा.
भात दुसऱ्यांदा घेतला, आकडा लाल झाला.
मग ताट सरकलं बाजूला
आणि दिसला एक पाय, माझ्याच रंगाचा.
पाच वर्षांनंतरचा, ती म्हणाली.
अंगठा काळा.
मी वाकून बघितलं.
माझ्या अंगठ्यावर धोट्याचा वण आहे. त्यावर नव्हता.
"हा दुसऱ्याचा पाय हाय."
तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या मंगळवारी वण होता.

भाकरीवरूनही भांडलो.
म्हटलं, ही कडक भाकरी मुकी आहे,
आमची मोडली की शेजारच्या घराला कळतं.
तेव्हा ती फोन घेऊन साखर पेठेत आली.
नरसम्मानं तिच्यासमोर तीन भाकऱ्या मोडल्या,
आवाज घेतला गेला, आणि मग त्या तुकड्यांवर
दोघी शेंगाचटणी घेऊन बसल्या,
मला कुणी विचारलं नाही.

हळूहळू मी शहाणा झालो. तिथं.
डाळ, काकडी, अंबाडीची भाजी, भाकरीचा चतकोर.
आकडा हिरवा.
श्रुतिका टाळी वाजवायची लहान पोराला वाजवावी तशी.

मग दुडमच्या पोरीचं लग्न निघालं, अक्कलकोट रोडला.
पंगतीत बुंदीची बादली, बादलीमागं नवरीचा बाप स्वतः.
"घ्या मामा, माझी शपथ." एक डाव.
"पोरीच्या लग्नात उपाशी उठणार का?" दुसरा.
आकडा कुठंच नव्हता. पाय मांडीखाली होता.
खाल्ली सगळी.
गोड लागली, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी सांगून टाकलं,
"पोरी, तुझ्या ताटात सगळं आहे, आग्रह नाही.
तिथं कुणी शपथ घालत नाही,
नको म्हटलं तर कुणाचं तोंड पडत नाही."
तिनं फोन माझ्या तोंडापुढं धरला.
"मग करा की तुम्ही."

केला.
मेहुणीसारखा, "आमच्या घरचं चालत नाही का आता?"
व्याह्यासारखा, "एकानं काय होतंय हो!"
आणि बोलता बोलता कधी आईवर आलो कळलं नाही,
"तिनु नान्ना, कोंचम तिनु."
ती असंच म्हणायची, तव्याकडं बघत.

तेव्हापासून त्या खोलीत येईल त्याला
मीच भरीला घालतो.
कय्यूमला दोनदा पाडला.
विडीवाल्या बाया माझ्या नावानं बोटं मोडतात.

परवा माझी पाळी आली.
चष्मा. ताट. बुंदीचा डाव.
आणि कानाशी मी.
किती लाघवी बोलतो मी! मला माहीतच नव्हतं.
शपथ घातली. मेहुणी झालो. व्याही झालो.
माझा तळवा उठला,
पत्रावळीवर आडवा धरतात तसा.
"बास."
पुन्हा आवाज. पुन्हा तळवा.
मग ती तव्याजवळची दोन वाक्यं आली
आणि हात थरथरला, पण
होता तिथंच राहिला, की मला तसं वाटलं.

श्रुतिकानं आकडा सांगितला नाही.
चष्मा निघाला तेव्हा कय्यूम हसत नव्हता.
"हात खाली घे बे," म्हणाला,
"जेवण संपलं."